पन्नास माळांचा हिशेब

किल्ला आमच्या शहरावर बसलाय
उन्हाला पाठ देऊन रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा.
लष्करातल्या कुठल्याही गच्चीवरची वाळत घातलेली चादर बाजूला करा,
समोर तोच.
रोजचा, म्हणून राहून गेलेला.

आमचं पाच जणांचं बाकी सगळं चढून झालं होतं.
नरवर झालं, चंदेरी झालं,
धूपगडावर वारुणीची छत्री दरीत गेली,
ओरछ्याला छत्र्यांवरची गिधाडं मोजता मोजता
भदौरियानं शेवटची बस घालवली
आणि रात्रभर भालू इंगळेनं आम्हाला
त्याच्या मामाच्या लग्नाची गोष्ट सांगितली,
तीनदा, दर वेळी नवरी वेगळी.

या हिवाळ्यात भालूचा गुडघा म्हणाला, आता लांबचं नको.
तेव्हा आठवलं,
अरे, हा आहे की.

डिसेंबर, सकाळचे साडेसात.
धुक्यात दरवाजा हाताला लागला तेव्हाच दिसला.
गूजरी महालापर्यंत भालू आला.
मग चढ सुरू झाला तिथं थांबून त्यानं वर पाहिलं,
दुकानदारानं भाव सांगितल्यावर पाहतात तसं.
"तुम्ही व्हा पुढे. मी सामान सांभाळतो."
सामान म्हणजे एक थर्मास, गजकची पुडी
आणि वारुणीची शाल,
जी तिनं काढली नव्हती, त्यानंच मागून घेतली.

चढताना कुणी फारसं बोललं नाही.
बोलणारा खाली होता.

अर्ध्या चढावर खडकातच कोरलेलं देऊळ, चिमुकलं.
रखवालदार किल्ली आणायला गेला
तो बिडी संपवूनच आला.
आत भिंतीवर अक्षरांच्या ओळी, अकराशे वर्षांपूर्वीच्या.
त्यानं बॅटरी मारली, "ये रहा."
मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी.
शून्य.
जगातल्या फार जुन्या शून्यांतलं एक,
आणि ते कुठे, तर माळ्याच्या हिशेबात:
बाग लांबीला दोनशे सत्तर हात,
देवाला रोज पन्नास माळा.
ब्रह्म नाही, माया नाही.
फुलं मोजताना पाचाच्या शेजारी
कुणीतरी बसायला हवं होतं, एवढंच.

अनीस एकतीस वर्षं हजिऱ्याच्या शाळेत गणित शिकवत होता.
जनकगंजात वाढलेला; त्याची मराठी
माझ्या पुण्याच्या नणंदेला कळत नाही, मला कळते.
तो म्हणाला, "पोरांना मी सांगायचो, शून्य म्हणजे काही नाही.
गलत सांगायचो.
शून्य म्हणजे बसच्या खिडकीतून टाकलेला रुमाल.
इथे कोणी बसलेलं नाही,
पण तुम्ही बसायचं नाही."
रखवालदारानं बॅटरी बंद केली.

वर महालाच्या भिंतीवर पिवळी बदकं,
पाचशे वर्षं एका रांगेत, पुढचं पुढे,
कुणी कुणाला गाठत नाही.
खालून शहर ऐकू येत होतं, दिसत नव्हतं:
टेंपोचा भोंगा, कुठल्याशा लग्नाचा सकाळीच सुरू झालेला बँड,
एक कुत्रा.
भालू त्यातच कुठेतरी.
सहलीला आलेल्या एका मुलानं आमचा फोटो काढला.
"अंकल, थोडा पास आइए, बीच में जगह है."
आम्ही पाहिलं, खरंच होती.
कुणी सरकलं नाही.
मुलगा दोनदा म्हणाला, मग त्यानं तसाच काढला.

उतरताना माझेच गुडघे बोलायला लागले,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

खाली भालू बाकाच्या एका टोकाला,
बाकी सगळ्या बाकावर वारुणीची शाल पसरलेली.
"दोन बायकांशी भांडलो या बाकासाठी.
एक तर माझ्या मामीसारखी होती.
काय होतं वर?"
नीट कुणालाच सांगता येईना.
"बदकं," मी म्हणाले.
"बदकं!" भालू म्हणाला. "आणि मला वाटलं, राजे."

चहा गार झाला होता.
गजकची पुडी अनीसनं तळहातावर उलटी केली:
दोन तीळ पडले.
एक त्यानं खाल्ला,
दुसऱ्याकडे चष्मा वर करून
बराच वेळ बघत राहिला.